अभिरूप न्यायालय : वकिलीची रंगीत तालीम

‘अभिरूप न्यायालय’ हा शब्द मराठी माणसाच्या ओळखीचा झाला तो प्रामुख्याने रंगभूमीमुळे. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ मध्ये रंगमंचावर आले. एका गावात प्रयोगासाठी आलेली हौशी मंडळी वेळ घालवण्यासाठी खोटा खटला उभा करतात आणि बघता बघता आपल्यातल्याच लीला बेणारे या शिक्षिकेला खऱ्याखुऱ्या आरोपीच्या पिंजऱ्यात ढकलतात. त्या खेळात एकच वकील सरकार पक्षाचाही असतो आणि बचावाचाही. साक्षीदार ऐकीव गोष्टी सांगतात आणि त्यांना आडवे प्रश्न कोणी विचारत नाही. न्यायाधीश तर आपले आसन सोडून स्वतःच साक्ष द्यायला उभे राहतात. न्यायप्रक्रियेतील एकेक नियम गळून पडला की खटल्याचे काय होते, हे त्या नाटकाने दाखवले.

विधी महाविद्यालयांमध्ये दरवर्षी भरणारी अभिरूप न्यायालये याच नियमांचा सराव करून घेण्यासाठी असतात. काळा कोट घालून मंचावर उभे राहणाऱ्या या विद्यार्थ्यांकडे पाहून बाहेरच्या माणसाला वक्तृत्व स्पर्धेचा भास होतो. प्रत्यक्षात हा कायद्याच्या शिक्षणाचा मान्यताप्राप्त आणि अनिवार्य भाग आहे. त्याची परंपरा काय, तो चालतो कसा आणि त्यातून होणाऱ्या वकिलाच्या हाती आपले प्रकरण सोपवणाऱ्या सामान्य पक्षकाराला त्याचा उपयोग किती, हे समजून घेण्यासारखे आहे.

दोन नावे, दोन पद्धती

‘मूट कोर्ट’ आणि ‘मॉक ट्रायल’ हे शब्द अनेकदा एकाच अर्थाने वापरले जातात. परंतु त्यांत मूलभूत फरक आहे. मूट कोर्ट हे अपिलाच्या न्यायालयाचे प्रतिरूप असते. तेथे घडलेल्या घटना ठरलेल्या असतात, साक्षीदार नसतात, पुरावा नव्याने नोंदवला जात नाही. वाद असतो तो केवळ कायद्याचा : अमुक कलमाचा अर्थ काय, अमुक कायदा घटनेशी सुसंगत आहे काय, आधीचा निर्णय या प्रकरणाला लागू पडतो काय.

मॉक ट्रायल म्हणजे अभिरूप खटला. येथे प्रतिरूप असते ते सत्र किंवा दिवाणी न्यायालयाचे. विद्यार्थीच साक्षीदार, तपास अधिकारी आणि वकील होतात. सरतपासणी, उलटतपासणी आणि फेरतपासणी होते, कागदपत्रे सिद्ध केली जातात, हरकती घेतल्या जातात. येथे पहिला प्रश्न ‘कायदा काय म्हणतो’ हा नसतो. ‘घडले काय आणि ते सिद्ध कसे होते’ हा असतो.

परंपरेचा धागा

‘मूट’ या शब्दाचे मूळ जुन्या इंग्रजीतील सभा किंवा मेळावा या अर्थाच्या शब्दात आहे. मध्ययुगीन लंडनमध्ये लिंकन्स इन, ग्रेज इन, इनर टेम्पल आणि मिडल टेम्पल या चार संस्थांमध्ये वकिलीचे शिक्षण घेणारे उमेदवार राहत, एकत्र जेवत आणि ज्येष्ठांसमोर कल्पित प्रकरणांवर वाद घालत. छापील पुस्तके दुर्मीळ असलेल्या त्या काळात वाद घालणे हेच कायदा शिकण्याचे प्रमुख साधन होते. सतराव्या शतकातील यादवी युद्धाच्या धामधुमीत ही पद्धत मोडकळीस आली. पुढे विधी महाविद्यालयांनी तिला नव्या स्वरूपात स्वीकारले. याच चार संस्थांपैकी ग्रेज इनमधून डॉ. बाबासाहेब आंबेडकर बॅरिस्टर झाले आणि १९३५ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १८५५ मध्ये स्थापन झालेले हे महाविद्यालय देशातील सर्वांत जुन्या विधी शिक्षण संस्थांपैकी एक असून, तेथे डी. एम. हरीश यांच्या स्मरणार्थ भरणारी आंतरराष्ट्रीय अभिरूप न्यायालय स्पर्धा विधी विद्यार्थ्यांना परिचित आहे.

जागतिक पातळीवर सर्वाधिक प्रतिष्ठेची मानली जाते ती फिलिप सी. जेसप स्पर्धा. तिचा आरंभ १९६० मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात झाला. ज्यांचे नाव तिला दिले आहे ते जेसप १९६१ ते १९७० या काळात हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे न्यायाधीश होते. दोन कल्पित राष्ट्रांमधील वाद याच न्यायालयासमोर आहे असे मानून विद्यार्थी युक्तिवाद करतात. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलने १९९९ आणि २०१३ मध्ये ही स्पर्धा जिंकली. व्हिएन्ना येथील व्हिलेम सी. व्हिस स्पर्धा आंतरराष्ट्रीय व्यापारी लवादाला वाहिलेली आहे, तर मॅनफ्रेड लाक्स स्पर्धेचा विषय अंतराळविषयक कायदा हा असतो आणि तिच्या अंतिम फेरीत आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे न्यायाधीश परीक्षक म्हणून बसतात.

एक खटला, दोन प्रकारचे प्रश्न

अभिरूप न्यायालय आणि अभिरूप खटला यांतील भेद समजण्यासाठी मुंबईत गाजलेल्या नानावटी प्रकरणाइतके चांगले उदाहरण सापडणार नाही. नौदलातील कमांडर कावस नानावटी यांना त्यांच्या पत्नीने २७ एप्रिल १९५९ रोजी दुपारी प्रेम आहुजा यांच्याशी असलेल्या संबंधांची कबुली दिली. नानावटींनी पत्नी व मुलांना चित्रपटगृहात सोडले, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर आणि काडतुसे घेतली आणि आहुजा यांचे घर गाठले. तेथे झाडल्या गेलेल्या गोळ्यांनी आहुजा मरण पावले.

सत्र न्यायालयात प्रश्न वस्तुस्थितीचा होता. झटापटीत गोळी सुटली, असा बचाव होता. मग नुकतेच स्नान करून आलेल्या आहुजा यांच्या कमरेचा टॉवेल झटापटीनंतरही जागेवर कसा राहिला, असा सरकार पक्षाचा सवाल होता. एका टॉवेलभोवती खटल्याचे भवितव्य फिरत होते. ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मताने नानावटींना निर्दोष ठरवले. हा कौल न पटल्याने सत्र न्यायाधीशांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले आणि तेथे नानावटींना जन्मठेप झाली.

पुढचे प्रश्न कायद्याचे होते. ज्यूरीचा कौल उच्च न्यायालय कोणत्या परिस्थितीत बाजूला सारू शकते? पत्नीच्या कबुलीने झालेला प्रक्षोभ कायद्याच्या भाषेत ‘गंभीर आणि आकस्मिक’ ठरतो काय? सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये शिक्षा कायम केली. नानावटी दीडच्या सुमारास घरातून निघाले आणि गोळ्या झाडल्या गेल्या ४ वाजून २० मिनिटांच्या सुमारास. मधल्या अवधीत मनावर ताबा मिळवण्यास त्यांना पुरेसा वेळ होता, असे न्यायालयाचे म्हणणे होते. त्याआधी १९६० मध्ये, प्रकरण न्यायप्रविष्ट असताना राज्यपालांनी शिक्षा स्थगित करण्याचा अधिकार कितपत वापरावा, हा घटनात्मक प्रश्नही घटनापीठासमोर आला होता.

टॉवेलचा प्रश्न हा अभिरूप खटल्याचा विषय. प्रक्षोभाची व्याख्या आणि राज्यपालांचा अधिकार हे मूट कोर्टाचे विषय. चांगल्या वकिलाला दोन्ही हाताळता आले पाहिजेत.

स्पर्धेची रचना

मूट कोर्टाची सुरुवात होते ती प्रश्नपत्रिकेसारख्या एका दस्तऐवजाने. त्यात कल्पित राज्य, कल्पित कायदा, पक्षकार आणि घटनाक्रम दिलेला असतो. हे प्रकरण मुद्दाम समतोल ठेवलेले असते. दोन्ही बाजूंना काही बळकट आणि काही दुबळे मुद्दे मिळाले पाहिजेत, हा त्यामागील दंडक. प्रकरणातील संदिग्ध जागांविषयी संघांना ठरलेल्या मुदतीत लेखी खुलासा मागता येतो.

भारतातील बहुतेक स्पर्धांमध्ये संघ तिघांचा असतो : दोन वक्ते आणि एक संशोधक. प्रत्येक संघाला अपीलकर्ता आणि उत्तरवादी अशा दोन्ही बाजूंचा लेखी युक्तिवाद तयार करावा लागतो. विद्यार्थी त्याला ‘मेमोरियल’ म्हणतात. त्यात न्यायालयाचा अधिकार, वस्तुस्थितीचा गोषवारा, उपस्थित होणारे मुद्दे, युक्तिवादाचा सारांश, सविस्तर युक्तिवाद आणि शेवटी मागणी, असा क्रम असतो. संघाची ओळख केवळ सांकेतिक क्रमांकाने होते. महाविद्यालयाचे नाव कोठेही आले तर गुण कापले जातात. परीक्षकांनी नावाकडे पाहून निवाडा करू नये, हा त्यामागील हेतू.

तोंडी फेऱ्यांमध्ये प्रत्येक संघ एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने उभा राहतो. सकाळी ज्या मुद्द्याचे हिरिरीने समर्थन केले, त्याचेच खंडन संध्याकाळी करायचे असते. याविषयी बाहेरच्या लोकांचा एक आक्षेप असतो, की यातून तत्त्वशून्यता शिकवली जाते. अनुभव वेगळा आहे. समोरच्या पक्षाचे सर्वांत बळकट म्हणणे स्वतः मांडून पाहिल्याशिवाय आपल्या म्हणण्यातील उणीव दिसत नाही. आपल्या पक्षकाराला खोटी आशा न दाखवणारा वकील याच सवयीतून घडतो.

न्यायासनासमोर

पाठ केलेले भाषण या स्पर्धेत दोन मिनिटेही टिकत नाही. वक्त्याने पहिला मुद्दा उच्चारताच न्यायासनावरून प्रश्न येतो आणि खरी परीक्षा तेथून सुरू होते. ‘त्या मुद्द्याकडे मी नंतर येतो’ हे उत्तर अशा वेळी चालत नाही. प्रश्नाला आधी ‘होय’ किंवा ‘नाही’ असे थेट उत्तर द्यावे, मग कारण सांगावे आणि तेथून आपल्या युक्तिवादाच्या धाग्यावर परत यावे, ही सर्वमान्य पद्धत आहे. ‘माझ्या मते’ या शब्दांनाही येथे स्थान नाही. वकील स्वतःचे मत मांडत नसतो, तो पक्षकाराचे म्हणणे सादर करत असतो.

विरोधात जाणारा निर्णय लपवू नये, हा आणखी एक महत्त्वाचा संकेत. तो दाखवून आपले प्रकरण त्याहून वेगळे कसे, हे पटवून देणाऱ्या वक्त्यावर न्यायाधीशांचा विश्वास बसतो. संबोधनाचेही शिष्टाचार असतात. भारतीय विधिज्ञ परिषदेने २००६ मध्ये केलेल्या नियमानुसार सर्वोच्च व उच्च न्यायालयांत ‘युअर ऑनर’ किंवा ‘ऑनरेबल कोर्ट’ आणि कनिष्ठ न्यायालयांत ‘सर’ किंवा प्रादेशिक भाषेतील त्याच अर्थाचा शब्द पुरेसा आहे. तरीही ‘माय लॉर्ड’ची सवय स्पर्धांमधून आणि न्यायालयांमधूनही पूर्णपणे सुटलेली नाही.

उलटतपासणीची शाळा

अभिरूप खटल्याची तयारी वेगळ्या प्रकारची असते. येथे ग्रंथालयापेक्षा माणसे, वेळा, अंतरे आणि कागद यांचा अभ्यास करावा लागतो. एक साधे उदाहरण घेऊ. रात्री साडेअकरा वाजता चाळीच्या गॅलरीतून आपण आरोपीला पळताना पाहिले, असे साक्षीदार सांगतो. नवखा विद्यार्थी त्याला विचारतो, ‘इतक्या अंधारात तुम्ही त्याला ओळखले तरी कसे?’ साक्षीदार उत्तर देतो, ‘दहा वर्षे शेजारी राहतो तो, चालीवरून ओळखला.’ एका प्रश्नाने बचाव कोसळतो. कसलेला विद्यार्थी हा प्रश्न विचारतच नाही. गॅलरी तिसऱ्या मजल्यावर होती, पळणाऱ्याची पाठ साक्षीदाराकडे होती, रस्त्यावरचा दिवा त्या आठवड्यात बंद होता, एवढ्याच गोष्टी तो ‘हो’ म्हणवून घेतो आणि खाली बसतो. निष्कर्ष तो अंतिम युक्तिवादासाठी राखून ठेवतो.

नियमांचीही येथे प्रत्यक्ष ओळख होते. सरतपासणीत आपल्याच साक्षीदाराला उत्तर सुचवणारा प्रश्न सहसा विचारता येत नाही. उलटतपासणीत मात्र तो विचारता येतो. साक्षीदाराने पोलिसांपुढे दिलेला जबाब सर्वसाधारणपणे पुरावा म्हणून वाचता येत नाही. त्याच्या न्यायालयातील साक्षीशी असलेली विसंगती दाखवण्यापुरता त्याचा उपयोग होतो. पंचनाम्यावर सही करणारा पंच फितूर झाला तर पुढे काय करायचे, हे पुस्तकातील परिच्छेद वाचून उमगत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. कलमांचे क्रमांक बदलले. साक्षीदार तपासण्याची मूळ चौकट मात्र कायम आहे.

या कौशल्याचा संबंध माणसाच्या जीविताशी आहे. मध्य प्रदेशातील अनोखीलाल प्रकरणात आरोपीसाठी वकील नेमला गेला त्याच दिवशी दोषारोप निश्चित झाले, अल्पावधीत खटला आटोपला आणि फाशीची शिक्षा सुनावली गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ही शिक्षा रद्द करून खटला नव्याने चालवण्याचा आदेश दिला. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते अशा प्रकरणांत विधी सेवेमार्फत नेमायचा वकील किमान दहा वर्षे अनुभवाचा असावा आणि त्याला तयारीसाठी सर्वसाधारणपणे किमान सात दिवस मिळावेत, असे निकष न्यायालयाने घालून दिले. तयारीविना उभा राहिलेला वकील आणि वकीलच नसणे यांत आरोपीच्या दृष्टीने फारसे अंतर नसते, हेच यातून अधोरेखित झाले.

अभ्यासक्रमातील स्थान

भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार ‘अभिरूप न्यायालय सराव आणि आंतरवासिता’ हा विषय प्रत्येक विद्यार्थ्याला अनिवार्य आहे. त्यात तीस गुण अभिरूप न्यायालयासाठी असतात. वर्षभरात तीन प्रकरणे, प्रत्येकी दहा गुण आणि त्यात पाच लेखी व पाच तोंडी युक्तिवादाला, अशी त्याची विभागणी आहे. आणखी तीस गुण एक दिवाणी आणि एक फौजदारी अशा दोन खटल्यांचे कामकाज प्रत्यक्ष पाहून त्याची नोंद ठेवण्यासाठी आहेत. वकिलाच्या कार्यालयात अशिलाशी होणारा संवाद आणि दावा दाखल करण्याची तयारी यांच्या दैनंदिनीला तीस, तर तोंडी परीक्षेला दहा गुण आहेत.

कागदावर ही योजना अतिशय समतोल आहे. तिच्या अंमलबजावणीत मात्र संस्थेगणिक फार फरक पडतो. काही ठिकाणी एकाच प्रकरणावर साठ विद्यार्थी एकसारखी वही लिहून देतात आणि विषय संपतो. विद्यार्थ्याने स्वतः न्यायालयात जाऊन बसणे, तारीख का पडली, साक्षीदार का आला नाही, न्यायाधीशांनी प्रश्न का नाकारला, हे टिपणे यातच या नियमाचे सार्थक आहे. त्याला खर्च जवळपास काहीच येत नाही. सर्वसाधारणपणे न्यायालयाचे कामकाज खुले असते आणि कोणीही शांतपणे मागे बसून ते पाहू शकतो.

भाषेचा प्रश्न

मूट कोर्टाच्या बहुतेक स्पर्धा इंग्रजीतून होतात. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांचे कामकाज राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे इंग्रजीतून चालत असल्याने ते स्वाभाविकही आहे. परंतु देशातील चार कोटींहून अधिक प्रलंबित प्रकरणे जिल्हा आणि तालुका न्यायालयांत आहेत, आणि महाराष्ट्रात या न्यायालयांची भाषा १९९८ च्या शासकीय अधिसूचनेनुसार मराठी आहे. साक्षीदार मराठीत बोलतो. ‘हातघाई’, ‘बांध कोरणे’, ‘वहिवाट’ या शब्दांच्या छटा ज्या वकिलाला कळत नाहीत, त्याची उलटतपासणी कितीही सफाईदार असली तरी लक्ष्यावर लागत नाही.

राज्यातील काही विद्यापीठांत विधी परीक्षा मराठीतून देण्याची मुभा आहे. मात्र त्याच विद्यार्थ्याला स्पर्धेच्या वेळी प्रेक्षकांत बसावे लागते. इंग्रजीत अडखळतो म्हणून तो स्वतःला वकिलीसाठीच अपात्र समजू लागतो, आणि हे नुकसान केवळ त्याचे नसते. महाविद्यालयांनी मूट कोर्ट इंग्रजीतून आणि अभिरूप खटला मराठीतून, अशी विभागणी करून पाहण्यास काहीच हरकत नाही. अपिलाची भाषा आणि साक्षीची भाषा वेगळी आहे, हे न्यायव्यवस्थेतील वास्तव त्यातून आपोआप शिकवले जाईल.

विद्यार्थ्यांनी काय करावे

पहिल्या वर्षी महाविद्यालयाच्या अंतर्गत फेरीत संशोधक म्हणून सहभागी होणे ही उत्तम सुरुवात ठरते. प्रकरण किमान तीनदा वाचावे आणि पहिल्या वाचनानंतर लगेच बाजू ठरवू नये. निर्णयाचा केवळ सारांश न वाचता मूळ निकालपत्र वाचण्याची सवय लावावी. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठांचे कामकाज सप्टेंबर २०२२ पासून थेट प्रक्षेपित होते. ज्येष्ठ विधिज्ञ प्रश्नांना कसे सामोरे जातात, हे त्यातून घरबसल्या पाहता येते. त्यासोबत महिन्यातून एखादा दिवस जवळच्या दंडाधिकारी न्यायालयात काढावा. करंडक मिळाला तर आनंदच आहे. पण हरलेल्या फेरीनंतर परीक्षकांनी सांगितलेल्या चुका वहीत उतरवून ठेवणारा विद्यार्थी अधिक काही घेऊन परततो.

बेणारेबाईंना त्या खोट्या कोर्टात आपली बाजू मांडायला अखेर दहा सेकंद दिले गेले होते, आणि त्यांच्या वतीने साक्षीदाराला प्रश्न विचारणारे कोणीच नव्हते. जिल्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात नंबर येण्याची वाट पाहत बसलेल्या पक्षकाराची अपेक्षा याहून फार मोठी नसते. आपल्या वकिलाने कागद वाचलेले असावेत, नेमके प्रश्न विचारावेत आणि विचारू नयेत ते विचारू नयेत, एवढेच त्याचे मागणे असते. महाविद्यालयातल्या मंचावर त्याची तालीम झाली नाही, तर ती पुढे त्या पक्षकाराच्या जिवावर होते.